दगडात मुरलेलं

ता. ९, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे, दोन वेळ जेवतो आणि नोकरी अजून तीच आहे. आधी घोटभर पाणी पी, मग पुढं वाच. माझं बूड एका जागी टेकलं हे तुला खरं वाटायचं नाही.

काम माशांच्या टाक्या राखायचं. सध्या एका दातांच्या डॉक्टरांकडे जातो. बसायच्या खोलीत भिंतभर खाऱ्या पाण्याची टाकी, आत मासे, दगड आणि दगडांवर जिवंत पोवळी. पेशंट दाढ विसरून बघत बसतात. पाणी कसं नितळ दिसतं. पण बाटलीत घेऊन औषधाचे थेंब टाकले की खरं कळतं. नायट्रेट असेल तर गुलाबी होतं, फॉस्फेट असेल तर निळं. रंग जितका गडद तितकी घाण जास्त. माशांची घाण, उरलेलं खाणं, सगळं विरघळून जातं, डोळ्यांना दिसत नाही. मग शेवाळ माजतं आणि पोवळी गुदमरतात.

मी पाणी बदललं, निळा फिका झाला. थोड्या दिवसांनी पुन्हा गडद. परत बदललं, परत तेच. आमच्या टाक्यांच्या दुकानाचे मालक हसले. म्हणाले, पाण्यात काय शोधतोस, ते दगडांनी पिऊन ठेवलंय. पाणी स्वच्छ झालं की दगड हळूहळू सोडत राहतात.

मला कुठला धीर? फॉस्फेट ओढणारी भुकटी गाळणीत भरपूर ओतली. दुसऱ्या दिवशी बाटलीत रंगच नाही. मी खूश. आठवड्यात अर्धी पोवळी पांढरीफटक. मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "इतके दिवस ज्याच्यावर जगली, ते एका रात्रीत काढून घेतलंस. थोडं त्यांनाही लागतं रे."

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस, दादाला जाऊन वर्ष होत आलं तरी आई रोज त्याचं ताट वाढते. आता पुरे, त्याचं ताट, कपडे, खाट सगळं एका दिवसात हलवायचं, आणि मी येऊन आईला समजवायचं.

ताई, तसं करू नकोस.

आईचा फोन येतो ना मला, ती म्हणते, "थोरल्या, जेवलास का?" पहिल्यांदा वाटलं, चुकून म्हणाली. मी "हो" म्हणून गेलो. तेव्हापासून दर वेळी तेच. आणि मीही त्याच्यासारखा घसा खाकरून बोलतो. तू एकट्या आईला बोल लावतेस, पण ती ताट वाढते आणि इकडून जेवतो मी. खोटं बोलतो असंही वाटत नाही गं. त्याचं शेवटचं तोंड मी पाहिलं नाही. फोन ठेवला तरी तो गळ्यात राहतो. काच घासताना शेवाळाखालून चेहरा उघडा पडतो, आणि दाढी वाढवल्यापासून तो माझा वाटत नाही. परवा हातातली खरवडणी तशीच टाकून बाहेर आलो. डॉक्टरांना सांगितलं, चक्कर आली.

टाकीला आता चिमूट चिमूट खाणं कमी करतोय. पाणीही थोडं थोडंच बदलतो. रंग उतरतोय, उरलेली पोवळी तग धरून आहेत. तूही ताट राहू दे, त्यातलं वाढणं कमी कर. खाटेवरची चादर काढ, खाट असू दे.

मी माझ्या बाजूनं सुरुवात केली. गुरुवारी तिनं विचारलं, "थोरल्या, जेवलास का?"

मी म्हणालो, "जेवलो. आई, धाकटाही जेवला."

मागं वाहणारा नळ तिनं बंद केला. मग म्हणाली, "बारीक झाला असेल तो. कधी फोन नाही करत मेला."

हे पत्र हातात पडलं की एक संध्याकाळ ठरव, तेव्हा धाकट्याचा फोन येईल. मला तारीख कळव, आणि तेवढा वेळ आईजवळ बस.

तुझा,
धाकटा