नोंद आढळली नाही

पौड

प्रिय प्रभाताई,

स्वरदाचं बाळंतपण ज्या डॉक्टरबाईंकडे ठरलं आहे, त्यांना वैद्यकीय परिषदेने एकदा सहा महिने निलंबित केलं होतं. म्हणून हे पत्र. नाहीतर विहीणबाईंना पत्र लिहायची मला हौस नाही.

तुम्ही घरच्या ग्रुपवर कळवलं होतंत, "डॉ. अनुष्कांचं नाव परिषदेच्या साइटवर टाकून बघितलं. एकही तक्रार नाही." खाली जावई अमोघरावांचा अंगठा, स्वरदाची तीन बदामं. 'माझ्या सासूबाई किती जागरूक!' असंही लिहिलं तिने. मी तिच्या दहावीच्या फॉर्मपासून पासपोर्टपर्यंत सगळं तपासलं, तेव्हा ती मला किरकिरी म्हणायची.

तुम्ही स्क्रीनचा फोटोही टाकला होतात. त्यावर 'नोंद आढळली नाही' एवढंच होतं. ताई, त्याचा अर्थ तक्रार नाही असा होत नाही. त्या नावाचा डॉक्टरच यादीत नाही, असा होतो. तहसील कचेरीत वारसनोंदी करताना एकाच बाईची माहेरची आणि सासरची नावं जुळवण्यात माझी उभी नोकरी गेली. सातबारावर बाई सापडली नाही, तर ती मेली असं आम्ही धरत नव्हतो. तिचं माहेर शोधत होतो. स्वरदाच्या औषधांच्या चिठ्ठीवर डॉक्टरबाईंचा नोंदणी क्रमांक छापलेला आहे. तो टाकला. माहेरच्या आडनावाने त्या लगेच सापडल्या. खाली आदेश. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबलेला नसताना तिला नर्सवर सोपवून डॉक्टर दुसऱ्या दवाखान्यात निघून गेल्या होत्या. बाई वाचली, पण गर्भपिशवी काढावी लागली.

खरं लिहिते, मी काळजीने शोधायला बसले नव्हते. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यासाठी मी मागची खोली रंगवून घेतली, आढ्याला पाळण्याचा हुक ठोकून घेतला. सारजाबाई रोज केर काढताना वर बघते आणि विचारते, "बाई, लेक हितं येनार न्हाई व्हय? मग ह्या हुकाला काय कांदं टांगायचं?" तिला काय सांगू? डोहाळजेवण भूगावला तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. मला पाहुण्यांच्या रांगेत बसवून पेढ्यांचा बॉक्स दिलात. जी मुलगी माझ्या आमटीत मिरची दिसली की ताट सरकवायची, ती तुमच्या लातूरच्या ठेच्याला बोटं चाटत होती. फोनवर ती "आई म्हणाल्या" असं म्हणते. त्या अनेकवचनावरूनच कळतं की ती आई मी नव्हे. मी अजून 'म्हणाली' आहे.

म्हणून त्या डॉक्टरबाईंत खोट निघावी, एवढ्याचसाठी बसले. निघाली. क्षणभर असा आनंद झाला की उठून चहा टाकला. चहा उकळेपर्यंत आदेश पुन्हा वाचला आणि गॅस बंद केला. स्वरदाचं हिमोग्लोबिन पहिल्यापासून कमी. तुम्हाला ते माहीत आहे; बीट आणि खजूर तुम्हीच तिच्या मागे लागून खाऊ घालता, हेही मला तिच्याकडूनच ऐकावं लागतं.

डॉक्टरबाईंची शिक्षा भोगून झाली आहे. आज त्या कायद्याने डॉक्टर आहेत, सुधारल्याही असतील. पण बाळंतीण पूर्ण सावरेपर्यंत तुम्ही थांबणार का, हे त्यांना तोंडावर विचारायला हवं. उत्तर पटलं नाही तर दुसरा डॉक्टर बघा, आणि त्याचा नंबर टाकून बघा, नाव नको. पौडला पाठवा असं मी म्हणत नाही. म्हणायचं फार होतं. पण रक्ताची पिशवी लागली तर भूगावहून गाडी शहरात लवकर पोचते, इथून नाही.

आता हे तुम्हाला का लिहिलं, स्वरदाला का नाही? मी सांगितलं तर ती म्हणेल, "आई, तुला सासूबाईंचं काहीच बघवत नाही." डोहाळजेवणाच्या दिवशी म्हणालीच आहे, आणि खोटं नव्हतं ते. मग ती रागाने त्याच डॉक्टरकडे जाईल. तुमचं ती ऐकते. तेव्हा तुम्हीच सांगा, 'मी पुन्हा तपासलं, माझ्याच हे लक्षात आलं.' माझं नाव काढू नका. ती पुन्हा बदामं पाठवेल. पाठवू दे.

तुमचीच विहीण,
कल्पना

नरहरीभाऊजींच्या हाती दिलं: आदेशाची छापील प्रत, बंद पाकिटात, पाकिटावर फक्त तुमचं नाव. आंबेमोहोर, पेजेपुरता. माझ्या मऊ साड्यांची दुपटी. स्वरदाचा पाळणा, चारही साखळ्यांसकट. हुक पाठवता आला नाही. तो पक्का बसला आहे, निघत नाही.