पित्त नव्हतं, वन्सं

नाशिक
रविवार, ३ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

दोन वर्षं तुम्हाला एक अक्षर लिहिलं नाही, माफ करा. रोजची डायरी एक दिवस चुकली नाही. गॅसचा सिलिंडर कधी लावला तेसुद्धा लिहिलं. पण तुमच्या नावाने पान उघडलं नाही. उघडलं असतं तर भांडण झालं असतं. आज भांडायलाच बसले आहे.

नणंदेला वन्सं म्हणणं आमच्या पिढीत संपलंच होतं. मी लग्नानंतर चेष्टेने म्हणायला लागले आणि तुम्ही "बोला भावजयबाई" म्हणून ओ द्यायला लागलात. चेष्टेचं कधी खरं झालं कळलंच नाही. म्हणून तर राग येतो. परक्या माणसावर कोण इतकं रागावतं?

काल मुक्ताला घेऊन अंजनेरीला गेले होते. तुमच्या लेकीने वजनाची सवय व्हावी म्हणून सॅकमध्ये पाण्याच्या सहा भरलेल्या बाटल्या घेतल्या होत्या. तुमचीच पद्धत. वरच्या तळ्यापाशी बसलो आणि ती म्हणाली, "मामी, मंगळवारची गाडी पक्की. आईच्या तळ्यावर जाऊन येते."

मी म्हटलं, "आईचं तळं काय म्हणतेस गं?"

"मग काय म्हणू? आणि तू टेन्शन घेऊ नको. टू-डी एको झाला, स्ट्रेस टेस्ट झाली. हार्ट एकदम ठणठणीत. आईचं ते माझ्यात नाही आलेलं."

मग तिने सॅकच्या कप्प्यातून एक डबी काढली, हलवून दाखवली. आवळा सुपारी! "वरती पित्त होणारच, आईसारखं. ही तोंडात टाकायची आणि चालत राहायचं. गाईडने विचारलं तर सांगायचं, उपवास आहे. तूच सांगितलं होतंस ना, शोकसभेत?"

हो. मीच सांगितलं होतं. तुमच्या शाळेच्या सभागृहात, तुमच्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभी राहून. "पित्ताने हैराण होत्या, गाईडने विचारलं तर उपवास आहे म्हणाल्या, पण वन्सं थांबल्या नाहीत. तळं डोळे भरून पाहिलं आणि मगच गेल्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! आणि मला, खोटं कशाला बोलू, तेव्हा बरं वाटलं होतं.

पित्त नव्हतं ते, वन्सं. तुम्हालाही माहीत होतं. भूगोल शिकवलात ना तुम्ही, सटाण्यात पंचवीस वर्षं? उंचीवर हवा विरळ होते हे फळ्यावर कुणी लिहिलं? पाचवीच्या पोरांना कळत होतं ते बाईंना स्वतःच्या डोक्यात शिरू देता आलं नाही?

तळ्यावर पोचायच्या आदल्या दिवसापासून तुमचं डोकं दुखत होतं. तंबूत कपाळ दाबून बसला होतात. दोनदा उलटी झाली. मी घाबरले तर म्हणालात, "त्यामा काय शे! त्यात काय एवढं! सोमवार आहे, पोटात काही नाही, पित्त खवळलंय." सटाण्यात राहून तुमच्या तोंडात ती अहिराणी बसली होती आणि ती ऐकली की मी नेहमी हसायचे. तेव्हाही हसले.

आणि पटलंसुद्धा! आपल्याकडे डोकं दुखलं की पित्त, मळमळलं की पित्त, परीक्षेच्या दिवशी चक्कर आली तरी पित्त. माझ्या आईचं, तुमच्या आईचं, सगळ्यांचं पित्त. मी सॅकमधून डबी काढली आणि तुमच्या तळहातावर आवळा सुपारी ठेवली. हिमालयात! तुम्ही "वा, भावजयबाई" म्हणालात.

तो उपवास तरी कोणासाठी होता? देवीसिंग, आपला गाईड, भाताचं ताट घेऊन आला होता. म्हणाला, "मॅडम, खा लो. हमारा सावन तो कब का खतम हो गया." त्यांच्याकडचा श्रावण आपल्याआधी संपतो, हे त्याने हसत समजावलं. तुम्ही ताट परत केलंत. "आमचा चालू आहे." दोन राजगिऱ्याचे लाडू आणि कोरा चहा. एवढ्या उंचीवर, जिथला श्रावण संपलेला आहे तिथे, नाशिकचा सोमवार पाळायचा होता तुम्हाला!

पण उपवासाने तुम्ही गेला नाहीत, हे मला कळतं. उपवासाने फक्त नाव दिलं. डोकेदुखीला दुसरं नाव मिळालं आणि आपण दोघी त्याच्या आड लपलो.

मंगळवारी सकाळी देवीसिंगने तुम्हाला सरळ रेषेत चालायला सांगितलं, पावलाला पाऊल लावून. तुमचा तोल गेला. त्याने विचारलं, "सर में दर्द है?" तुम्ही माझा हात धरलात आणि दाबलात. जोरात. आणि मी, कॉलेजात शिकलेली, सगळं खरं लिहिणारी, म्हणाले, "नहीं भैया, ऍसिडिटी है. कल उपवास था ना, कमजोरी है."

तो मग म्हणाला, "दर्द हो तो आज ही नीचे चलते हैं, मॅडम. झील कहीं भागी नहीं जा रही."

वन्सं, हे वाक्य तुमचं होतं! साल्हेरला मला पहिल्यांदा नेलंत, लग्नानंतरच्या थंडीत. वरच्या तळ्याच्या थोडं अलीकडे माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. मी रडकुंडीला आले आणि तुम्ही दगडावर बसवून पाय चोळून दिलेत. "बस गं. डोंगर पळून जात नाही. नाही पाहिलं आज तळं तर पुढच्या वेळी पाहू." भावजयीला शिकवायला एक आणि स्वतःसाठी दुसरं? परक्या मुलखातला माणूस तुमचंच वाक्य हिंदीत म्हणत होता आणि तुम्ही माझा हात दाबत होतात.

मी का नाही सोडवून घेतला हात? हा प्रश्न मी दोन वर्षं उलटापालटा करते आहे. तुमचा मान राखला म्हणून? तुम्ही मोठ्या म्हणून? की मलाही ते तळं बघायचं होतं? शेवटचं उत्तर लिहायला हात जड होतो, म्हणून तेच खरं असणार. दीड तासावर होतं. मला बघायचं होतं.

पाहिलं. निळं होतं. त्याचं आणखी वर्णन मी करणार नाही, ते मी सभेत केलं.

उतरताना दुपारी तुम्ही मला "आई" म्हणालात. मग बसलात त्या उठला नाहीत. देवीसिंगने तुम्हाला पाठीवर घेतलं. एवढा दमलेला माणूस, सबंध वाटभर "मॅडम, बात करते रहो" म्हणत होता आणि तुम्ही बोलत नव्हतात. रस्ता दिसायला लागला तेव्हा तुम्ही नव्हतात.

खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने मला स्वच्छ सांगितलं. उंचीमुळे मेंदूला सूज आली होती. सकाळीच खाली आणलं असतं तर बहुतेक वाचल्या असत्या. तसं कागदावर लिहूनही दिलं. मी घरी फोन केला आणि म्हणाले, "हार्ट." हार्ट म्हटलं की कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

त्या एका शब्दाने काय काय केलं, ऐका. तुमचा भाऊ, माझा नवरा, दर सहा महिन्यांनी ईसीजी काढतो. "ताईला होतं, आमच्या घराण्यात आहे." जिन्यावर धाप लागली की घाबरतो. मी शेजारी बसून रिपोर्ट वाचते आणि "नॉर्मल आहे" एवढंच म्हणते. आणि मुक्ता! भाऊजी आधीच गेलेले, त्यात तुम्ही. ती पोर स्वतःचं हृदय तपासून घेते आणि निश्चिंत होते. ज्याने आई गेली ते तिने तपासलंच नाही, कारण ते तिला कुणी सांगितलंच नाही.

दहाव्याला तुमच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "श्रावणात, हिमालयात, देवाच्या दारात. भाग्यवान बाई!" मी मान डोलावली. कसलं भाग्य? लेकीचं लग्न नाही की नोकरीचा पहिला दिवस नाही बघितला. हे भाग्य? त्यांच्यावर ओरडायला हवं होतं मी. तुमच्यावर तर त्याहून मोठ्याने.

त्या दोन दिवसांची पानं माझ्या वहीत आहेत. सगळं लिहिलंय, तंबूत बसून, जसं घडलं तसं. "वन्संचं डोकं फार दुखतंय. कुणाला सांगू नको म्हणाल्या." आणि दुसऱ्या दिवशीचं, "गाईडला ऍसिडिटी सांगितलं." पानं फाडणं माझ्याच्याने होत नाही. म्हणून मी ती स्टेपल केली. डॉक्टरांचा कागद आत घालून. बघा कशी प्रामाणिक बाई!

हे सगळं ऐकल्यावर मुक्ता मला माफ करेल असं वाटत नाही. तुमच्या भावाचं तर काय होईल, ठाऊक नाही. तुमच्यावरही ती नव्याने रागावेल, मेलेल्या आईवर, आणि ते मीच तिच्या पदरात टाकणार. टाकू द्या. रागावून का होईना, डोकं दुखलं की खरं सांगेल आणि खाली उतरेल.

तिला मी अडवणार नाही. तळं तिनेही पाहावं, तुमच्यासाठी नाही, स्वतःसाठी. पण ती डबी मी तिच्या सॅकमधून काढून घेईन आणि तिने माझा हात कितीही दाबला तरी या वेळी मी तिच्या वतीने खोटं बोलणार नाही. हे वचन. तुमचा माझा श्रावण एकत्र नाही पाळायचा आता, वन्सं.

तुमच्यावर अजून रागावलेली,
तुमची भावजय
शुभा

उद्या: सकाळी सातला, ती कामावर न्यायचा डबा भरायच्या आत, मुक्ताकडे जाणे. वहीच्या पिना तिच्यासमोर काढणे.