तुझ्या बापाच्या नावचा ग्लास

प्रिय टॅड,

माझी तब्येत ठीक आहे, ते सोड. आपला बार या शनिवारी बंद होतोय.

तुझा बाप गेला तेव्हा कबरस्तानातून सगळे इथेच आले, फादरसुद्धा. रीतीप्रमाणे त्याच्या स्टुलासमोर राय व्हिस्कीचा ग्लास भरून ठेवला. तूच भरलास. त्या ग्लासाला कुणी शिवत नाही, संध्याकाळी दाराबाहेर मातीत ओततात, हे तुला काय सांगायचं! पण दारू खात्याचा तो नवा इन्स्पेक्टर, हॉलिस, कोपऱ्यात बसून आपलंच कोबीचं सूप ओरपत होता. मला विचारतो, "बाई, हा ग्लास कुणाचा?" म्हटलं, "माझ्या भावाचा." "कुठाय तो?" "आत्ताच पुरून आलो." दुसरा कुणी गप्प बसला असता. यानं वहीत लिहून घेतलं, मेलेल्या माणसाला दारू वाढली!

आता परवाना वाढवून देत नाहीत. रेनाटा, माझी सून, परवाने देणाऱ्या मंडळाच्या हापिसात जाऊन आली. म्हणाली, कुठला नियम मोडला तो दाखवा. तिथला साहेब म्हणतो, नियम कशाला हवा, मंडळाला योग्य वाटत नाही, बस्स. मर्जी यांची! डोंगरापलीकडे आयरिश लोकांच्या बारमध्ये हाच ग्लास ठेवतात, तर तिथला इन्स्पेक्टर टोपी काढून उभा राहतो. त्यांना परवाना, आम्हाला टाळं. रेनाटानं दोन पोरी कशावर वाढवायच्या?

आणि तू आमदार! परवान्यांचं विधेयक तुझ्यापुढेच आहे, त्यात एवढंच म्हटलंय: परवाना नाकारायचा तर कायद्यात लिहिलेलं कारण द्या, नाहीतर परवाना द्या. शेंबड्या पोरालाही कळेल. तू मात्र पेपरात सांगतोस, दोन्ही बाजू तपासतोय. कसल्या बाजू रे?

काल तुझा माणूस येऊन गेला. कानाशी लागून म्हणतो, साहेब मंडळाच्या अध्यक्षांना एक फोन करतील, आजी, तुमचं काम झालंच समजा. रेनाटा आनंदानं रडायलाच लागली. मी त्याला हाकललं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तरी सांगते, फोन करू नकोस. तोही मर्जीचाच धंदा. ज्यांचा भाचा आमदार नाही त्यांनी कुणाच्या पाया पडायचं? बार गेला तर जाऊ दे, मी कुणाकडे भांडी घासीन. गुरुवारी विधेयकावर मतदान आहे. सगळ्यांदेखत त्याच्या बाजूनं हात वर कर. नाही केलास, तर रविवारी माझ्याकडे जेवायला येऊ नकोस.

अजून तरी तुझीच,
स्टाशा आत्या