घेऊ नको, पण दार उघड

आये, तुला जाऊन बरीच वर्षं झाली. पण हे सांगायचं तर तुलाच, दुसरं कुणी विश्वास ठेवणार नाही. मनोरीहून बोटीने पलीकडे येऊन तू बोरिवलीच्या बिल्डिंगींत मासळी विकायचीस. पाटी उतरवता उतरवता कुणाची सून का रुसलीय, कुणाच्या पोराचा ताप उतरला का, सगळं विचारायचीस. लोक तुला भोचक म्हणत, चोंबडी म्हणत. सुट्टीत मी तुझ्याबरोबर असायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "कशाला लोकांच्या घरात नाक खुपसतेस?" मी एकदा जिन्यातच ओरडले. तू डोक्यावरची चुंबळ नीट करत म्हणालीस, "मग दारं कशाला बसवलीत गो? भिंतीच बांधायच्या ना सगळीकडून."

आता मी त्याच बोरिवलीत बाराव्या मजल्यावर राहते. इथे कुणी लुडबुड करत नाही. इथले शब्दच वेगळे: प्रायव्हसी, स्पेस, 'आपल्याला काय करायचंय'. मला ते फार आवडले होते. समोरच्या फ्लॅटमध्ये साताऱ्याहून एक आजी राहायला आल्या. मुलगा कामासाठी सतत बाहेरगावी, त्या एकट्या. लिफ्टपाशी भेटल्या की मी हसायचे, बस्स. एक दिवस त्याच म्हणाल्या, "ती कोळीण रोज दुपारी येते हो. मी मासे खात नाही सांगितलं, तरी येते. म्हणते, घेऊ नको, पण दार उघड. जेवलीस का, ते सांग." आमच्याकडे विकणाऱ्यांना वर सोडतच नाहीत. मी खाली वॉचमनला विचारलं. "कोणीच नाय येत, मॅडम." म्हातारपणी भास होतात, असं मनाशी म्हटलं. त्यांच्या मुलाला कळवावं का, असंही वाटून गेलं. पण नकोच ती नसती उठाठेव.

मग एका दुपारी आमची बेल वाजते. मी दार उघडते, तर बाहेर कुणी नाही. पण पॅसेजमध्ये ओल्या बोंबलांचा वास, आणि लादीवर पाण्याचे थेंब, पाटीतून गळतात तसे, माझ्या दारापासून थेट आजींच्या दारापर्यंत. त्यांची बेल दाबली, हाका मारल्या, आत काही हालचाल नाही. वॉचमनला बोलावून कुलूप तोडायला लावलं. आजी आदल्या संध्याकाळपासून बाथरूममध्ये पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ सुकलेले, पण शुद्ध होती. मी चमच्याने पाणी पाजलं, तर माझा हात धरून म्हणाल्या, "ती दाराबाहेरनं बोलत होती गं. म्हणाली, मला आत येता येत नाही, माझ्या पोरीला पाठवते."

आये, तू मासळी विकायचीस, हे या बिल्डिंगमध्ये मी कुणालाही सांगितलेलं नाही. आजींना तर नाहीच.

आजी आता वॉकर घेऊन चालतात. मी रोज दुपारी त्यांच्याकडे जाते, काय खाल्लं, गोळी घेतली का, विचारते. मजल्यावरचे लोक मला भोचक म्हणत असतील, म्हणू देत. हे पत्र घरातच राहणार, म्हणून खरं ते लिहिते. मी आजींची चौकशी करायला जात नाही गं. ती कोळीण आली होती का, माझ्याबद्दल काही विचारत होती का, एवढंच विचारायला जाते. आजी रोज 'नाही' म्हणतात.