मामा, एवढं भाषांतर करू नका

तंजावूर,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

माझ्या हरिते,

तुला पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी खुशाली विचारत नाही, कारण तू त्या बंद घरात काय खातेस, कुणाशी भांडतेस नि किती घोरतेस ते आम्हांला रोज टीव्हीवर दिसतंच. केस मात्र नीट बांधत जा. मागून तू अगदी नारळाच्या शेंडीसारखी दिसतेस, आणि कॅमेरा मेला नेमका मागूनच असतो.

काल चॅनेलच्या बाईचा फोन आला. म्हणाली, ह्या आठवड्यात घरच्यांची पत्रं आत जाणार, बहिणीचं पत्र तुम्ही लिहा. त्यात बाहेरच्या बातम्या नकोत, मतांचं काही नको, बाकीच्या स्पर्धकांबद्दल नको. "आणि मॅडम, वाचताना ती रडली पाहिजे." मी म्हटलं, तिला रडवायला पत्र कशाला, किलोभर छोटे कांदे पाठवते, सांबाराला पण होतील. ती हसली नाही. मग म्हणाली, तमिळमध्ये लिहू नका, तुमच्या मराठीतच लिहा, प्रेक्षकांना ते फार आवडलंय, खाली आम्ही तमिळ अक्षरं घालू.

खाली तमिळ अक्षरं! ही बाहेरची बातमी आहे आणि ती मी तुला सांगणारच, कापायची तर कापू देत. तुला वाटतं, तू तिथे मराठीत पुटपुटतेस ते कुणाला कळत नाही. आपली ही लहानपणापासूनची खोड. बसमध्ये, देवळात, लग्नाच्या पंगतीत, समोर बसलेल्याच्या नाकाडोळ्यांवर मराठीत बोलायचं आणि चेहरा साळसूद ठेवायचा. पण बाई ग, चॅनेलनं आता भाषांतराला माणूस ठेवलाय. त्या दाढीवाल्याला तू 'उकडलेला सुरण' म्हणालीस ते तमिळनाडूभर झालं. त्याचे चाहते तुझ्या नावानं बोटं मोडताहेत आणि आपल्या गल्लीत सुरणाची भाजी केली तरी पोरं फिदीफिदी हसतात.

तो माणूस कोण म्हणशील? आपले हनुमंतरावमामा! पोस्टातून रिटायर होऊन घरात बसले होते, त्यांना कुठून शोधून काढलं देव जाणे. मामा सध्या राजवाड्यामागच्या गल्लीतून चालत नाहीत, तरंगतात. "इतकी वर्षं आपल्या मराठीला इथे कुणी विचारलं नाही, आता रोज रात्री नऊला येते," असं दुधवाल्यालासुद्धा सांगतात. आपल्या घरात देवनागरी वाचणारे उरले किती? तेव्हा हे पत्र तुझ्या आधी त्यांच्याच हातात पडणार. मामा, नमस्कार करते. चष्मा लावलात ना?

आता घरचं. राजमबाईंची नात बरी आहे. म्हणजे आमच्या सासूबाईंची नात, दुसरी कोण. रडते फर्मास. झोपते ती फक्त साडी टांगून केलेल्या तूळीत, तीही कुणीतरी झोका देत असेल तरच. मी पाणी प्यायला हात सोडला की भोंगा सुरू. ह्या पावसात लंगोट वाळत नाहीत, म्हणून कार्तिक ते केस वाळवायच्या यंत्रानं वाळवतो. दोन जाळले. सासूबाई मला सकाळ संध्याकाळ लसणाचं लेह्य चाटवतात, त्यामुळे माझ्याजवळ उभं राहिलं की लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडल्यासारखं वाटतं म्हणे. बाबा रविवारी तिरुवैयारुहून येतात, बाळाला लांबून बघतात, "वा" म्हणतात आणि पेपर उघडतात. परवा माझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. काल मी ब्लाउज उलटा घालून भाजीवाल्याकडे गेले. बिचाऱ्यानं कोथिंबीर फुकट दिली.

समोरची नागलक्ष्मी तुझी प्रचारप्रमुख झाली आहे. नळावर उभी राहते आणि येणाऱ्या जाणाऱ्याचा फोन हिसकावून तुला मत देते. गल्लीतल्या प्रत्येकाचं मत तुला पडतं. जवळजवळ प्रत्येकाचं.

मामा, इथून पुढे भाषांतर करू नका. वाचलंत तरी चालेल, तुम्ही आमच्या आईला भाऊ होतात. पण चॅनेलला देऊ नका.

हरिता, मागच्या आठवड्यात तू हात धुवायच्या बेसिनपाशी उभी होतीस. आरशात बघितलंस आणि हळूच म्हणालीस, "अक्का, बाळ आवडायला लागलं का ग?" बस्स, एवढंच. आणि खाली पिवळ्या अक्षरांत, शुद्ध तमिळमध्ये ते आलं. मामांचं तमिळ चांगलं आहे, मेलं एक अक्षर चुकलं नाही.

मी तूळीला झोका देत होते. कार्तिक माझ्याकडे बघत राहिला. त्याला मी कुठे सांगितलं होतं? तुझ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या यूट्यूबवरच्या गॉसिपवाल्यानं सुरू केलं. 'बाळ न आवडणारी ती अक्का कोण?' माझ्या लग्नातला फोटो, माझ्या डोक्याभोवती लाल वर्तुळ, आणि मागे वाघ येतोय अशा थाटाचं संगीत. नट्यांचे घटस्फोट संपले वाटतं त्याचे! नागलक्ष्मीनं त्याला रेशमी साडी नेसून मुलाखत दिली, "लग्न होऊन आली तेव्हापासून गप्पच हो ती." मी गप्प? मी?

मग तो मेला माईक घेऊन आपल्या दाराशीच आला. कार्तिक ऑफिसात. मी पोरीला घेऊन दाराआड उभी. सासूबाई हातातली अर्धी चिरलेली भेंडी तशीच घेऊन बाहेर गेल्या. मला वाटलं, संपलं आता. आता ह्या काय सांगतील ते गावभर होणार आणि मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

त्यांनी त्याच्या हातातून माईक ओढूनच घेतला. म्हणाल्या, "सुनेला काय विचारतोस? मला विचार. माझा मुलगा झाला तेव्हा तीन वर्षं मला तो मुळीच आवडला नाही. किरकिरा होता. आताही अधूनमधूनच आवडतो. म्हणून मी त्याला उपाशी ठेवला का? घरी जा आणि तुझ्या आईला विचार, तू तिला कधीपासून आवडायला लागलास."

तो गेला. घरीच गेला असावा, कारण दोन दिवस त्याचा व्हिडिओ आला नाही. तिसऱ्या दिवशी हाच व्हिडिओ आला, हरिता, आणि तुझ्यापेक्षा सासूबाईंना जास्त लोकांनी बघितलं! खाली बायकांनी काय काय लिहिलंय! पापनाशमची एक आजी लिहिते, मला मोठा अजून आवडत नाही, तो आता बँकेत मॅनेजर आहे. मी पदर तोंडात कोंबून हसले, आणि मग रडले, आणि मग पुन्हा हसले. कार्तिक दोन दिवस आईशी बोलला नाही. आता रोज पानावर बसला की विचारतो, "अम्मा, आज आवडतो का?" त्या म्हणतात, "रसमभात संपव, मग सांगते."

त्या दिवशी माईकवाला गेल्यावर सासूबाई आत आल्या, पोर माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "जा, झोप." मी सरळ जाऊन झोपले. बाळंतपणानंतर पहिल्यांदा अशी झोपले.

आता तुझं. परवा तू बॅग भरून दाराशी बसलीस. त्या कबुलीच्या खोलीत जाऊन म्हणालीस, अक्काचं पत्र येऊ दे, तिनं ये म्हटलं तर मी खेळ सोडून जाणार. सगळ्या गल्लीनं कपाळावर हात मारला. नागलक्ष्मी तर नळ तसाच वाहता टाकून घरी गेली. आणि मी? तूळीची दोरी धरून मी मनात म्हणत होते, ये. ये ग बाई, लौकर ये.

खरं सांगू? तू निघालीस त्या दिवशी फोनवर मी तुला म्हटलं, "मला हे बाळ दुसऱ्या कुणाचं तरी सांभाळायला आणल्यासारखं वाटतं." तू म्हणालीस, "मग मी नको जाऊ?" मी म्हटलं, "वेडी का काय? जा." हसून म्हटलं. आई असती तर तिच्याकडे गेले असते, ती नाही, म्हणून तू चाळीस दिवस येणार होतीस. पण इतकी वर्षं चेन्नईत स्टुडिओंच्या दाराबाहेर उभी राहून तुला आता कुठे आत बोलावलं होतं. मी कशी नको म्हणणार? नको म्हटलं नाही, पण मतही दिलं नाही, हरिता. गल्लीभर तुला मतं पडत होती तेव्हा मी एकटीच मत देत नव्हते. तू हरलीस तर घरी येशील, असा माझा हिशेब. अशी तुझी अक्का. काय शिव्या द्यायच्या त्या आरशाकडे बघून दे, मामा कळवतील.

म्हणून आज दुपारी कागद घेऊन बसले ते एकच शब्द लिहायला, ये. लिहिलाही होता.

तेवढ्यात टीव्हीवर कालचा भाग पुन्हा लागला होता, त्यात तू आलीस. पोर माझ्या मांडीवर किंचाळत होती. दूध झालं होतं, लंगोट बदलला होता, ढेकर काढला होता, माझ्याकडचे सगळे उपाय संपले होते. तू आतल्या आत मराठीत काहीतरी कुरकुरलीस, डाळीत मीठ नाही का असंच काहीतरी. आणि ही गप्प! मान वळवून तुझ्याकडे बघायला लागली. आणि हसली. पहिलं हसू, बोळकं उघडून, टीव्हीकडे बघून!

माझ्या अंगाची आग आग झाली. रात्रंदिवस छाती मी पिळून घेतेय, लेह्य मी चाटतेय, केस मूठमूठ माझे गळताहेत, आणि हसायचं हिनं त्या नारळाच्या शेंडीकडे बघून? मी टीव्ही बंद केला. तिचा चेहरा दोन्ही हातांनी माझ्याकडे वळवला आणि ओरडले, "जननी! ए जननी! इकडे बघ. आई मी आहे. ती मावशी आहे, मावशी!"

सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या. म्हणाल्या, "नाव माहीत आहे वाटतं तुला तिचं."

मी तिथेच फतकल मारून बसले, हरिता. दुसऱ्याचं पोर कुणाकडे बघून का हसेना, आपला असा जळफळाट होतो का ग? नाही होत. मला झाला. अजून होतोय. तू घरी आलीस की तिला पहिले दोन दिवस तुझ्या हातात देणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.

कधी कधी अजूनही परकी वाटते. पहाटे वाटते. पण ती परकी वाटली की आता मी सासूबाईंना सांगते, आणि त्या म्हणतात, "दे इकडे, तू झोप." तेव्हा माझी काळजी करून त्या दाराशी बसू नकोस. 'ये' लिहिलेला कागद मी फाडला आणि हा घेतला. बॅग उपस, कपडे घडी घालून ठेव, आणि त्या उकडलेल्या सुरणाला हरवल्याशिवाय घरात पाऊल टाकू नकोस. आत्ताच जननीचं बोट धरून फोनवर दाबलं. तुला मत दिलं. तिचं पहिलं, आणि माझंही.

ती उठली बघ. आता भोंगा. पुरं करते.

मामा, चष्मा पुसा. एवढ्याचं भाषांतर करा, आणि अक्षरं मोठी घाला, पिवळीच घाला, नागलक्ष्मीला तिच्या ओट्यावरून वाचता आली पाहिजेत:

हो ग हरिते. लागलं आवडायला.

तुझी अक्का सुप्रभा,
जननीची आई