आईचा डबा

मावशी,
मी दवाखान्यात निघालेय. डबा भरून झाल्यावर तुझा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. तू घोटलेलं कोरफडीचं मलम फ्रिजमध्ये आहे. किरणांचे उपचार संपेपर्यंत आईच्या छातीला काहीच लावायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पायांना चालेल म्हणाले, म्हणून काल तळव्यांना चोळलं. आईला बरं वाटलं. तुझं भोपळ्याचं सूपही वाटीभर प्यायली. मग म्हणाली, “ताई रोज डबा पाठवते, स्वतः का येत नाही गं?”
मी तुझ्या गुडघ्यांचं कारण पुढे केलं.
“तिला माझं टक्कल बघवणार नाही, होय ना?” म्हणाली, आणि हसली.
मावशी, आजचा डबा ओट्यावरच ठेवून जातेय. तूच घेऊन ये.