बांधालगतचा कोपरा

कार्तिक, बुधवार, संध्याकाळ

भात काढायला यंदा पहिल्यांदाच मशीन आणलं. कार्ल्याच्या शिवारातलं खाचर दोन तासांत मोकळं झालं. फक्त बांधालगतच्या कोपऱ्यात मशीन वळेना. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, तेवढं इळ्यानं घ्या." मी लगेच बसलो आणि कापलं. शेवटची मूठ हातात आली तेव्हा आजोबा आठवले.

आबांनी तो कोपरा कधीच कापू दिला नाही. पाखरांसाठी उभा ठेवायचे. लहानपणी मी एकदा म्हणालो, "आबा, कापून पेंढी झाडाला टांगू की." तर म्हणाले, "टांगलं म्हंजी आपण दिलं. उभं हाये तवर त्यांचं हाये. दुसऱ्याच्या घरात इळा घेऊन शिरायचं न्हाई, लेकरा."

इतकी वर्षं पाळलं. आणि आज मशीननंसुद्धा सोडलेला कोपरा मीच कापला. कसली घाई होती मला?

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "टांगा आता आंब्याला. पाखरं काय आबांकडं चुगली करायला जात्यात?" हसू आलं. पेंढी टांगली, हात जोडले. दोन चिमण्या आल्याही.

तरी मन त्या कोपऱ्यातच आहे. आबांना जाऊन वीस वर्षं झाली. पेंढी बांधताना मी दोनदा मागं वळून बांधाकडं पाहिलं. "कापलंस व्हय रं?" एवढंच कुणीतरी तिथून विचारायला हवं होतं. रागानं विचारलं असतं तरी चाललं असतं.